तळीचा पाचवा हात

खंडोबाला मी जो नवस बोललो, तो बोलायला नको होता. आता इतकी वर्षं झाली, लपवून काय करू? जळत होतो मी. पोटात दुखत होतं माझ्या, आणि देवाच्या दारात जाऊन मी भलतंच मागून बसलो.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी आणि मल्लप्पा सोलापुरातल्या एका मोटार गॅरेजात बरोबरीनं राबायचो. ट्रकच्या मागच्या लाल दिव्याला सगळे काच म्हणायचे, पण असायचं ते प्लॅस्टिक. जरा धक्का लागला की तडकायचं, आणि नवं यायला पंधरवडा जायचा. तसले तुकडे क्लोरोफॉर्मनं कडा विरघळवून जोडायचे, चिरलेली स्टिअरिंग भरून द्यायची, एवढ्याचंच दुकान काढावं, ही कल्पना माझी. एक दिवस भाकरी खाता खाता ती मी मल्लप्पाला सांगितली. तोच माझा गाढवपणा. अक्कलकोट रोडला पत्र्याचं शेड घेऊन मी नारळ फोडला, आणि महिनाभरात रस्त्यापलीकडे, अगदी समोर, मल्लप्पानंही फोडला!

वर पेढे घेऊन आला. "रागावू नगं रे. दोघास्नी पुरंल इतकं फुटतंय की सोलापुरात," म्हणाला. पेढा मी खाल्ला, पण गोड काही लागला नाही.

तेवढ्यावर भागतं तरी ठीक होतं. पण त्याचा सांधा माझ्यापेक्षा सरस यायचा. माझा सांधा वाळला की दुधासारखा पांढरा पडायचा, त्याचा शोधून सापडायचा नाही. ट्रकवाले सावली बघून माझ्या दारात गाडी लावायचे आणि तुटका दिवा घेऊन रस्ता ओलांडून त्याच्याकडे जायचे. अंगाची नुसती लाहीलाही व्हायची. दिवसभर समोर बघून बघून मान आखडायची. बायको म्हणायची, "तुमी आपल्या हातातलं बघा की! त्याच्या दारात राखण बसवलंय का तुमाला?" पण ऐकतोय कोण?

एका रविवारी सोलापूरलगतच्या बाळे गावी, खंडोबाच्या देवळात गेलो. खंडोबासमोर हात जोडले आणि मनात म्हणालो, "देवा, समोरचं शेड बंद पडू दे. तुझी तळी भरीन."

आणि पडलं हो! पंधरा दिवसांच्या आत. मल्लप्पानं थिनरच्या डब्याजवळ स्टो पेटवला, भडका उडाला, उजवा हात मनगटापर्यंत भाजला. शेडला कुलूप लागलं. खोटं कशाला बोलू, ऐकल्याबरोबर मला आनंदच झाला. दुसऱ्या दिवशी सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडे. आणि जेवायला बसलो तो ताट सारून उठलो. हात जाळ, असं काही मी मागितलं नव्हतं, अशी स्वतःची समजूत घालत होतो. पण शेड बंद पडू दे म्हणजे तरी दुसरं काय मागितलं होतं? त्याला बघायला जायची छाती झाली नाही.

बायकोला एवढंच ठाऊक होतं की काहीतरी नवस आहे. "बोललेला नवस अंगावर ठिवू नये," म्हणून ती मागे लागली. कसला नवस, ते तिला कुठल्या तोंडानं सांगू? निघालो बाळ्याला.

आमच्यात तळीला पाच गडी लागतात. ताम्हणात भंडारा, खोबरं, पानसुपारी मांडायची, पाच जणांनी भोवती बसून हात लावायचा आणि येळकोट म्हणत ते तीनदा उचलायचं. मी, चुलतभाऊ आणि दोघे शेजारी असे चौघे जमलो होतो. पाचवा मेव्हणा मंगळवेढ्याहून यायचा होता, त्याचा पत्ताच नाही. वाट बघून पुजारी कंटाळला आणि त्यानं गर्दीत हाक दिली, "तळीला एक गडी कमी हाय, येतंय का कोण?"

"येतो की," म्हणत जो पुढं आला, तो मल्लप्पा. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं.

मी नजर ताम्हणात घातली. तो मात्र हसला. "तू हाईस व्हय! डोळं वाचलं म्हणून मल्लय्याच्या पाया पडाय आलतो. तुमचा खंडोबा त्योच आमचा मल्लय्या," असं म्हणून माझ्याशेजारी बसला आणि डावा हात पुढे केला. पुजारी म्हणाला, "डावा चालत न्हाय देवाला." मल्लप्पानं डावा मागे घेतला आणि भाजलेला उजवा, फडक्यासकट, ताम्हणाखाली घातला. नको म्हणायचं सोडून मीही ताम्हणाला हात लावला. येळकोट झाला. तिसऱ्यांदा ताम्हण उचलताना त्यानं दात आवळलेले मला दिसले. त्याच्याच वाटोळ्याची तळी तो जळक्या हातानं उचलत होता आणि देव समोर बघत होता.

पायरीवर येऊन बसलो तेव्हा मात्र मला राहवलं नाही. रडत रडत सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता थोबाडीत देईल. द्यायलाच हवी होती.

त्यानं हातातलं खोबरं चावून संपवलं. मग म्हणाला, "कल्पना तुझी, ढापली म्या. मलाबी सकाळच्या पारी तुज्याकडं बघाय लाज वाटायची. आता ऐक. तुकडं आदी उनात तापीव. वल ऱ्हायली की सांधा पांढरा पडतोय."

मेव्हण्याची एसटी नेमकी त्याच दिवशी का चुकली, ते मला विचारू नका. मला कळत नाही, आणि कळून घ्यायचंही नाही. नवस फेडायला गेलेल्या माणसाला देवानं त्याचा नवस डोळ्यांसमोर आणून दाखवला, एवढं मात्र खरं. त्या दिवसापासून देवापुढे उभा राहिलो की मी यादी वाचत नाही. माझं भलं कशात आहे ते तूच बघ बाबा, माझी अक्कल मी बघितली, असं म्हणून भंडारा लावतो आणि घरी येतो.

दुसऱ्या दिवशी मी मल्लप्पाकडून किल्ली मागून घेतली. त्याचा हात बरा होईपर्यंत दोन महिने त्याच्या शेडात बसून त्याच्या गिऱ्हाइकांचं काम केलं. रस्त्यापलीकडे माझं शेड तेवढे दिवस बंद होतं.