भाऊजींच्या गाडीवरचे किडे

माझा नवरा गाडीसमोर उभा राहून बॉनेटकडे असा बघत होता, की जणू घरात कुणीतरी गेलंय. तसं बघायला गेलं तर गेलेच होते, आणि एकदोन नव्हेत. नागपूर ते महाड एवढ्या वाटेतली चिलटं, पतंग, टोळ, एक अख्खा चतुर, सगळे त्या गडद निळ्या बॉनेटवर, जाळीवर, बंपरवर, आरशांच्या पाठीवर चिकटून, वाळून कडक झाले होते. नंबरप्लेटवरचा एक आकडा तर दिसतच नव्हता.

"अहो, किडे आहेत," मी म्हटलं. "पाणी मारा, निघतील."

"तुला कळत नाही," तो म्हणाला. "यांच्यात आम्ल असतं. उन्हात ते रंग खातं."

तालुक्याच्या कचेरीत आवक-जावक बघणारा माणूस आम्लाबद्दल बोलायला लागला, की समजायचं त्याने मोबाईलवर काहीतरी पाहिलंय. मी शाळेत शिकवते, त्यामुळे अर्धवट माहिती देणारी मुलं मला लांबूनच ओळखू येतात. पण त्या दिवशी मी त्याला काही बोलले नाही. कारण गाडी आमची नव्हती, भाऊजींची होती, आणि भाऊजी दुसऱ्या दिवशी दुपारच्या ट्रेनने वीर स्टेशनला उतरून ती न्यायला येणार होते.

भाऊजी म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, मुंबईला असतो. या दोघांत मोठ्या पुरापासून बोलणं नव्हतं. त्या वर्षी भाऊजींची आधीची गाडी आमच्या अंगणात उभी होती. मुंबईत लावायला जागा नव्हती म्हणून इथे ठेवलेली. सावित्री नदीचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा शहाणी माणसं आपापल्या गाड्या हायवेच्या पुलावर नेऊन लावत होती. नवऱ्याने आईला पाठीवर घेतलं. सासूबाईंचे गुडघे तेव्हाही कामातून गेलेले होते. कमरेएवढ्या पाण्यातून शेजारच्यांच्या माडीवर त्यांना पोचवून तो परत येईपर्यंत गाडीचं फक्त टप दिसत होतं. तीन-चार दिवसांनी फोन लागला, आणि भाऊजींचं पहिलं वाक्य होतं, "गाडी तेवढी पुलावर लावायची होतीस रे."

आई कशी आहे, हे नाही. तुम्ही जेवलात का, हेही नाही. मी शेजारीच उभी होते, फोन स्पीकरवर होता. माझ्या तोंडात काय काय आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. नवरा मात्र "हो" एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर दोघं एकमेकांशी जे काही बोलले ते आईच्या मार्फत. एकाने आईला सांगायचं, आईने दुसऱ्याला. सणावाराला एका ताटाच्या अंतरावर बसूनसुद्धा हेच.

मग या वर्षी सासूबाईंनी हट्ट धरला की डोळे आहेत तोवर एकदा दीक्षाभूमी बघायची. ट्रेनच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. ही गोष्ट कुणीतरी भाऊजींच्या कानावर घातली. (मीच घातली.) ते नवीन गाडी घेऊन आले, फाटकातूनच "जय भीम" म्हणाले, किल्ली धाकट्या भावाच्या नाही, आईच्या हातात दिली, चहासुद्धा न घेता रिक्षाने वीरला गेले. आईने किल्ली याच्या हातात दिली. इतक्या वर्षांत त्या घरातून या घरात आलेली ही पहिली वस्तू. त्यामुळे नागपूरपर्यंत नवऱ्याने ती गाडी अशी चालवली, की बैलगाडीवाल्यांनीसुद्धा हॉर्न मारावा. येताना मात्र समृद्धीवर दिवेलागण झाली आणि किड्यांचे थवेच्या थवे दिव्यांवर येऊन आदळायला लागले. मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "पंचशील घेतलंत ना रे सकाळी? आणि आता ही एवढी हत्या!"

"आई, मी मारत नाय, ते येतात," नवरा म्हणाला. आईशी बोलताना तो अजून पोलादपूरच्या वरच्या, त्यांच्या मूळ गावचा होतो.

तर आता सगळी हत्या अंगणात उभी होती. उद्या दादा येणार, म्हणजे आज ही गाडी होती तशी झाली पाहिजे. पहिली गाडी चिखलात घालवली, दुसरी किड्यांनी खाल्ली, असं दादाने म्हणता कामा नये. तो हे बोलला नाही, पण मला दिसत होतं. चांगला भरभक्कम माणूस, शाळेतल्या मुलासारखा घाबरला होता.

एवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. एका हातात राखेचा डबा, दुसऱ्या हातात नारळाचा काथ्या. राख आमच्याकडे अजून पोलादपूरच्या घरून डब्यात भरून येते. त्यांचं म्हणणं, तांब्याला दुसरं काही चालत नाही.

"सर बाजूला. दोन मिनटात लख्ख करते."

"आई!" नवरा असा ओरडला की शेजारणीने खिडकी उघडली. "हात लावू नको! ओरखडे पडतील!"

"पन्नास वर्षं भांडी घासली मी. एका तरी टोपाला ओरखडा दाखव."

"टोप वेगळा, गाडी वेगळी."

"पत्र्याचीच ना?" सासूबाई म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. राख आणि काथ्या मांडीवरच राहिला, कधी गरज लागेल सांगता येत नाही म्हणून.

मग नवऱ्याने मोबाईलवरचं शास्त्र सुरू केलं. गाडी सावलीत घेतली, पत्रा गार होऊ दिला. कोरडं कापड फिरवायचं नाही. कोरड्या काचेवर वायपर मारायचा नाही. माझा भांड्यांचा साबण नाकारला गेला, कारण तो म्हणे पॉलिश उतरवतो. गेली कित्येक वर्षं त्या साबणात माझे हात बुडतात, त्यांच्या पॉलिशची कधी कुणाला काळजी वाटली नव्हती. कपाटातून माझे चांगले टॉवेल काढले गेले, पाहुण्यांसाठी ठेवलेले. ते कोमट पाण्यात भिजवून, पिळून बॉनेटवर पसरले. भिजू द्यायचं, मग घासायचं नाही, हलकेच उचलायचं, कापडाची घडी बदलायची, पुन्हा पाणी.

सासूबाई बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ताप आलाय काय गाडीला?"

हसू मला आवरेना, पण खरं सांगायचं तर उपाय लागू पडत होता. टॉवेल उचलला की त्याला चिलटं चिकटून यायची आणि खाली निळा रंग जसाच्या तसा. अर्धं बॉनेट संध्याकाळपर्यंत मोकळं झालं. नवऱ्याच्या चेहऱ्यावर जरा रक्त आलं. पण पुढची जाळी, बंपर आणि आरसे राहिले, आणि तेच किडे जास्त जुने, जास्त चिवट. अंधार पडला तसं मीच त्याला आत ओढलं.

सकाळी उठून बघते तर हा गॅसवर पातेल्यामागून पातेलं पाणी तापवतोय. सासूबाईंना ते बघवेना. "गाडीला आंघोळ घालायला गॅस जाळतंस? सवला एवढं पाणी फुकट तापतंय. माझी खरूज कशाने गेली? डॉक्टरने घालवली नाय, सवच्या पाण्याने घालवली. अंगाला चिकटलेलं काय पण सुटतं त्या पाण्याने."

आता खरं तर इथे मी बोलायला हवं होतं. पण आमच्या भागात सवच्या गरम कुंडांबद्दल कुणी वाईट बोलत नाही. गजकर्ण, खाज, पायाच्या भेगा, सगळ्याला एकच औषध. शिकलेली माणसंही रविवारी टॉवेल घेऊन जातात. नवऱ्याने पण विचार केला तो एवढाच, की गरम पाणी पाहिजे, आणि तिथे ते हवं तेवढं आहे. आम्लाचं शास्त्र सांगणाऱ्या माणसाला त्या पाण्यात काय असेल हा प्रश्न पडला नाही. मलाही पडला नाही, हे कबूल करते, मग शिक्षकांची अब्रू गेली तरी चालेल.

तिघं सवला गेलो. गाडी कुंडांपासून लांब उभी केली आणि बाहेर वाहून जाणारं पाणी बादलीने भरून आणलं. एक म्हातारे गृहस्थ पाय बुडवून बसले होते. त्यांनी विचारलं, "गाडीला काय झालंय?"

"खरूज," मी म्हटलं.

त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "सात-आठ वेळा आणा. गुण येईल."

पण खरंच सांगते, पाणी लागताच किडे सुटले. जाळीतला चतुर तर अख्खाच्या अख्खा निघाला. नवरा आनंदाने वेडा व्हायचा बाकी होता. "बघ! बघ!" करत त्याने सगळ्या गाडीवर, टपापासून खालपर्यंत बादल्या ओतल्या. सासूबाई सीटवर बसून "मी काय म्हणले होते" असं तोंड करून होत्या. मग आम्ही ऑक्टोबरच्या त्या उन्हातून खिडक्या उघड्या टाकून, गाणी लावून महाडला आलो.

अंगणात उतरून मी वळले आणि माझा जीवच गेला. गाडी वाटेत वाळली होती, आणि टपापासून बंपरपर्यंत निळ्या रंगावर पांढरे डाग उमटले होते. मोठे, छोटे, गोल, ओघळलेले. सवच्या पाण्यातला सगळा क्षार पत्र्यावर बसला होता. काल गाडीच्या तोंडावरच किडे होते, आज सर्वांगाला कोड फुटलं होतं.

"पाण्याचा गुण हाय तो," सासूबाई म्हणाल्या. "रोग बाहेर काढतं."

नवरा पायरीवर बसला. डोकं दोन्ही हातांत धरलं. "संपलं," तो म्हणाला. "आता दादाला काय सांगू? तू सांग, काय सांगू?" आणि त्याचा आवाज फुटला. मला इतका राग आला, किड्यांचा, पाण्याचा, दोन्ही भावांचा, त्या एका वाक्याचा. ज्याने आईला पाठीवरून नेलं तोच इतकी वर्षं गुन्हेगारासारखा वागत होता. मी म्हटलं, "उठा. रडायला वेळ नाही."

असे डाग व्हिनेगरने जातात, हे मला घरातल्या नळांमुळे माहीत होतं. चौकातल्या चायनीजच्या गाडीवाल्याकडून बाटली आणली. भरपूर पाणी घालून ते हलकं केलं, आधी दाराखालच्या कोपऱ्यात थोडं लावून पाहिलं. डाग विरघळला, रंगाला काही झालं नाही. मग लगेच साध्या पाण्याने धुतलं. नवऱ्याने टॉवेल घेतला आणि कामाला लागला. थोडं पुसायचं, धुवायचं, कोरडं टिपायचं, पुढचा तुकडा. बॉनेट झालं. एक दार झालं. अंगणात मंचुरियनचा वास सुटला. आणि तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली.

भाऊजी उतरले. अर्धी निळी, अर्धी पांढऱ्या ठिपक्यांची गाडी त्यांनी पाहिली. हातात ओला टॉवेल घेऊन उभा असलेला भाऊ पाहिला. नेहमीप्रमाणे आईकडे बघून म्हणाले, "हे काय?"

आईने उत्तर द्यायच्या आत नवराच बोलायला लागला. थेट. किडे कसे आले, आम्ल कसं असतं, टॉवेल कसे भिजवले, सवला कसे गेलो, क्षार कसा बसला, व्हिनेगर कसं हलकं करायचं. थांबेचना. इतक्या वर्षांत बोलला नव्हता तेवढं एका दमात बोलला, आणि शेवटी म्हणाला, "मी मुद्दाम नाय केलं रे दादा."

भाऊजींनी बॅग खाली ठेवली, बाह्या दुमडल्या, दोरीवरचं एक फडकं ओढलं आणि मागच्या दारावरचे डाग घासायला लागले.

"दादा, कोरडं नको!" नवरा ओरडला. "ओरखडे पडतील!"

"पडू देत," भाऊजी म्हणाले. हात थांबला, पण मान वर झाली नाही. "त्या वेळी मी गाडीचं विचारलं. आईचं विचारायला पायजे होतं. तू आईला नेलंस, आणि मी..."

हे वाक्य ऐकायला माझा नवरा किती वर्षं थांबला होता ते मला माहीत आहे. मला वाटलं आता तो काहीतरी बोलेल, निदान रडेल तरी. मी तर रडायलाच लागले होते. त्याने नाक ओढलं, बादलीतला टॉवेल पिळला आणि भावाच्या हातात दिला.

"आधी ओलं कापड घे," तो म्हणाला. "आणि घासू नको. उचल."

भाऊजींनी टॉवेल घेतला. दोघं एकाच दारावर वाकले, एक व्हिनेगर लावायला, एक धुवायला. सासूबाई राखेचा डबा घेऊन पुन्हा पायरीवर येऊन बसल्या होत्या. डोळे पदराने पुसून त्यांनी मांडीवरचा डबा उचलला आणि विचारलं, "राख देऊ काय रे?"

"आई, नको!" दोघं एकदमच ओरडले.