लाल शाईतला प्रश्न

सून घरी बसून बीए करते. महिन्यातून एकदा घनसावंगीला कॉलेजात वह्या देऊन येते. तिला तत्त्वज्ञान म्हणून एक विषय आहे. मी चौथी शिकलेला, मला त्यातलं काही कळत न्हाई. ती प्रश्न मोठ्यानं वाचते, मी तुरीच्या शेंगा सोलत ऐकतो.

एकदा तिनं वाचलं, "रोगी वाचणार नसेल तर त्याला खरं सांगावं का? अनुभवातलं उदाहरण द्या." अन् पान उलटलं. माझ्या बायकोला जाऊन तेव्हा आठ महिने झाल्ते.

"दुसरा प्रश्न घेते, मामा."

"कशाला? उदाहरण घरात असताना?"

मी सांगितलं, तिनं लिहिलं. डॉक्टरनं मला एकट्याला बोलावून म्हणलं होतं, घरी न्या, मागतील ते खाऊ घाला. शहागडला जीप बदलताना बायकोनं विचारलं, "काय म्हणला?" मी म्हणलो, "पोटाला सूज आहे. उन्हाळ्यापर्यंत बरी होशील."

तीर्थपुरीच्या बहिणीशी तिचं भांडण होतं, सात वर्षं बोलणं बंद. बायको म्हणायची, "बरी झाले की जाईन. असं तोंड घेऊन कुठं जाऊ?" बहीण आली ती मयतीलाच.

"मंग काय लिहू? लपवणं योग्य का अयोग्य?"

"अयोग्य. बिलकुल अयोग्य."

"दोन्ही बाजू लिहाव्या लागतात. न्हाईतर मार्क कापतात."

"कापू दे. मला कुठं पास व्हायचंय?"

"मला व्हायचंय ना."

दुसरी बाजू तिनं पुस्तकातून उतरवली.

वही तपासून आली. दहातले सहा. उदाहरणाच्या शेजारी मॅडमनं लाल शाईनं लिहिलं होतं, "रोग्याला कळलेच नव्हते, हे कशावरून?"

"मॅडम समद्यांनाच असं लिहितात, मामा," सून म्हणाली. मी तिला ते पुन्हा वाचायला लावलं.

शहागडच्या त्या दिवसानंतर बायकोनं आजाराचं एकदाही विचारलं नव्हतं. दवाखान्यात पुन्हा कधी जायचं, तेही न्हाई. मला वाटायचं, माझं तिला पटलं. पटलं नसेल, तर ती माझं खोटं सांभाळत घरी बसली. बरी न होताच बहिणीकडं गेली असती, तर तिला कळलंय हे मला कळलं असतं.

मयतीत बहीण ऊर बडवत होती. मी तिला म्हणलो होतो, तुझ्या बहिणीला माहीत असतं तर ती आली असती तुझ्याकडं. तेवढं ऐकून ती शांत झाली.

आता तेही खरं होतं का, मला माहीत न्हाई.