शाळा मानवत नाही

आमच्या घरात कुणाला काय मानवत नाही, हे ठरलेलं असायचं. आजोबांना वांगं मानवत नसे, काकूला शिळं ताक, आणि मला शाळा.

वडील हे अगदी सरळपणे सांगत. आमचं गाव वैनगंगेच्या काठी, शाळा पलीकडच्या गावात, तासाभराच्या चालीवर. थंडी पडली की माझ्या पोटऱ्यांत आणि कमरेत अशी कळ उठायची, की मी वाटेतच खाली बसायची. सांधे सुजायचे, डोळे पिवळे दिसायचे. गुरुजी म्हणायचे, सोंग आहे. काकू म्हणायची, बाहेरचं काहीतरी आहे, आणि दंडाला दोरा बांधायची. वडील दोन्ही मानत नसत. त्यांनी स्वतः पाहून ठरवलं होतं: पोर घरी असली की बरी असते, शाळेत गेली की आडवी पडते, म्हणजे तिला शाळा मानवत नाही. आठवीच्या मध्यावर ते शाळा सोडल्याचा दाखला काढून घेऊन आले. ते वाईट नव्हते. त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी जिलबी आणली होती, आणि मी ती खाल्लीसुद्धा.

एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात आली नाही. शाळेत मुलींना जायला जागा नव्हती, म्हणून आम्ही मुली सकाळी घरून निघताना पाणी पीत नसू, ते संध्याकाळी घरी येईपर्यंत. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. मोठ्या मुली पीत नव्हत्या, म्हणून आम्ही पीत नव्हतो.

लग्नानंतर पुण्याला आले. नगर रस्त्याला तेव्हा काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. नवऱ्याला कॉल सेंटरच्या पोरांची ने-आण करणाऱ्या गाडीवर काम मिळालं, रात्रपाळीचं. मला एका आयटी कंपनीत साफसफाईचं, सकाळी सहा ते दोन. वाघोलीत एका शेतकऱ्याने जमीन विकून खोल्या बांधल्या होत्या, त्यातली एक आमची. मला या शहराबद्दल कुणी विचारलं तर मी आधी चांगलंच बोलते. कारण मुलगी आठ वर्षांची असताना तिच्या पायांत तीच कळ उठली, तेव्हा इथल्या सरकारी दवाखान्यात एका डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासलं, आणि मग म्हणाल्या, "तुमचंही बघू या."

आजाराचं नाव सिकलसेल. बाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, एकमेकींत अडकतात, आणि अडकतील तिथे दुखतं. थंडीने, दमल्याने, पाणी कमी पडल्याने जास्त. नवऱ्याच्या रक्तात तो थोडा होता, माझ्यात आणि मुलीत पुरा.

"म्हणजे मी सोंग नव्हते करत?" मी विचारलं.

बाईंना प्रश्न कळला नाही. त्या म्हणाल्या, "गोळी रोज. आणि दर तासाला पाणी. ते विसरायचं नाही."

घरी येताना मी बसमध्ये तोंड खिडकीकडे करून बसले. तीस वर्षांची बाई आणि मनातल्या मनात गुरुजींशी भांडत होते.

मुलगी पाचवीला नव्या शाळेत गेली. शाळा सेमी-इंग्लिश, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. प्रवेश मिळाला याचाच आम्हाला आनंद. शाळेचा नियम असा, की बाटली दप्तरात ठेवायची आणि पाणी, बाहेर जाणं, सगळं मधल्या सुट्टीत. मी वर्गशिक्षिकेला डॉक्टरांची चिठ्ठी नेऊन दिली. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, तिने विचारावं, मी सोडेन." मला वाटलं, झालं काम.

मुलगी विचारायची. घरात आम्ही आमच्याकडचं बोलतो, त्यामुळे ती उभी राहून म्हणायची, "बाई, पानी पिऊ?" वर्ग हसायचा. बाई म्हणायच्या, "पाणी. बाणातला ण. आधी नीट म्हण, मग पी." बाई वाईट हेतूने करत नव्हत्या. मुलीची भाषा सुधारावी, एवढंच त्यांच्या मनात. पण दहा वर्षांची पोर बासष्ट जणांसमोर रोज चार वेळा ण म्हणून दाखवेल का? तिने विचारणंच सोडलं. आणि हे मला दिवाळीनंतर कळलं, दवाखान्यात, ती सलाईन लावून पडलेली असताना. बाटली रोज भरलेलीच घरी यायची आणि मी समजायची, शाळेत पुन्हा भरून घेत असेल.

तीन आठवडे गेले. ती परत शाळेत गेली, आठ दिवसांत पुन्हा पडली. घरमालकीणबाई म्हणाल्या, "पोरगी लई अशक्त हाय गं. कशाला शाळेचा सोस? घरात सावलीला ऱ्हाऊ दे." मायेने म्हणाल्या. आणि त्याच आठवड्यात शाळेतून बोलावणं आलं.

मुख्याध्यापिकेला तिथे सगळे मोठ्या बाई म्हणत. टेबल स्वच्छ, त्यावर एकच कागद, माझ्याकडे तोंड करून ठेवलेला.

"बसा. आपण काय करता?"

"आयटी कंपनीत आहे." मग मला राहवलं नाही. "साफसफाईला."

"हं. निदान अर्ध्या सत्यावर थांबला नाहीत." त्यांनी चष्मा पुसला. "हे पाहा, दिवाळीपासून मुलीची हजेरी निम्मीसुद्धा भरत नाही. आम्ही शाळा चालवतो, दवाखाना नाही. दाखला घेऊन जा, घरी अभ्यास करून घ्या, पुढे बाहेरून परीक्षा देता येते. तिच्या प्रकृतीला शाळा झेपत नाही, हे आपल्यालाही दिसतंय."

मला वडिलांचा आवाज ऐकू आला, फक्त ण आणि ळ अगदी स्वच्छ.

मी कागदाला हात लावला नाही. म्हणाले, "बाई, शाळेने नाही होत तिला काही. पाणी न पिल्याने होतं. न विचारता पिऊ द्या, न विचारता बाहेर जाऊ द्या."

"वर्गात बासष्ट मुलं आहेत. एकीला सोडलं की एकसष्ट तहानलेली निघतात."

"आमच्या कंपनीत एका मजल्यावर तीनशे लोक आहेत. प्रत्येकाच्या टेबलावर बाटली असते, रोज मीच उचलून पुसते. मीटिंगमधून उठून जातात, कुणी कुणाला विचारत नाही. काम बंद पडलेलं मी तरी अजून बघितलं नाही."

"असं? मग कंपनीतच घाला की तिला." त्यांनी कागद पुढे सरकवला. दाखल्याचा अर्ज होता, फक्त सही राहिली होती.

"दाखला मी नाही नेणार."

"मग बुडलेला अभ्यास कोण भरून काढणार? आपण येऊन बसणार आहात का तिच्या जागी?"

पुण्यात असे प्रश्न उत्तरासाठी विचारत नाहीत. ते ऐकायचे आणि उठायचं असतं. या शहरात मला अकरा वर्षं झाली होती, पण आमच्याकडे माणूस विचारतो म्हणजे त्याला उत्तर हवं असतं, आणि ती सवय सुटली नव्हती.

"बसतो," मी म्हणाले. आमच्याकडे बायाही जातो, बसतो म्हणतात. घाबरले की माझ्या तोंडी तेच येतं.

मोठ्या बाईंनी अर्ज उचलून खणात टाकला. त्यांनी एकदाही हो म्हटलं नाही. पण नाहीसुद्धा म्हटलं नाही, आणि मला तेवढं पुरलं.

नवऱ्याला सांगितलं तर तो जेवता जेवता थांबला. "तू? वर्गात? काहून?"

"अजी, तुम्ही दुपारी घरीच असता. तिच्याजवळ बसा. दर तासाला पाणी द्या. मी दोनला सुटते, अडीचला शाळेत पोचते. साडेपाचपर्यंतचं सगळं उतरवून आणते."

"तुले इंग्रजी येते?"

"अक्षरं येतात."

पहिल्या दिवशी वर्गशिक्षिका म्हणाल्या, "काकू, मागे बसा."

"मागून फळा दिसत नाही, बाई. तिची जागा तिसऱ्या बाकावर आहे."

मी तिसऱ्या बाकावर बसले. गुडघे बाकात मावत नव्हते. पोरं वळून वळून बघत होती, कुणीतरी मागून "न्यू अ‍ॅडमिशन" म्हणालं. फळ्यावर अपूर्णांक होते, इंग्रजीतून. अक्षरं ओळखीची, शब्द अनोळखी. मी रांगोळी काढावी तसे ते शब्द वहीत काढत गेले. बाकावरची शेजारीण माझ्याकडे बघून पुटपुटली, "काकू, डिनॉमिनेटर खाली असतो. तुम्ही वर लिहिलाय." मी खोडून खाली लिहिला. अडीचच्या आधीच्या तासांचं तिच्याच वहीतून उतरवायचं, असं आमचं ठरलं.

आणि तास झाला तसं मी दप्तरातून बाटली काढली आणि प्यायले. मीही त्याच आजाराची. बाई बोलता बोलता थांबल्या. मी झाकण लावलं आणि पेन हातात घेतलं. आता हाकलतील असं वाटत होतं. पुढच्या तासाला पुन्हा प्यायले, आणि उठून बाहेर जाऊन आले, न विचारता. मुलींच्या बाजूला कुलूप होतं, किल्ली ऑफिसात. मी ऑफिसात गेले आणि पुरुष क्लार्ककडे किल्ली मागितली. मुली ती का मागत नाहीत, हे मागतानाच कळलं. दुसऱ्या दिवशी मागितली, तिसऱ्या दिवशी मागितली. चौथ्या दिवशी क्लार्क वैतागून म्हणाला, "कुलूपच काढून ठेवतो, बाई. डोक्याला ताप नको."

आठवड्याभरात मागच्या बाकावर एक बाटली बाहेर आली. मग आणखी दोन. बाईंनी पाहिलं आणि फळ्याकडे वळल्या.

एका संध्याकाळी जिन्यात त्यांनीच मला थांबवलं. "काकू, खरं सांगू? मीही दिवसभर पाणी पीत नाही. चौदा वर्षं झाली. गेल्या वर्षी मुतखडा झाला." मग हळूच म्हणाल्या, "तिला ण म्हणायला लावायचे, ते माझं चुकलं." मला त्यांचा रागही होता आणि त्यांच्यामुळेच वर्गात बसायला मिळत होतं. मी म्हणाले, "बाई, पाणी पीत जा."

मुलगी घरी पडल्या पडल्या माझ्या वह्यांवरून गणितं सोडवायची. माझ्या चुका काढून हसायची. चाचणी परीक्षेला ती स्वतः गेली, बाटली बाकावर ठेवून, आणि पास झाली. त्या निकालाबरोबर वर्गशिक्षिकांचं आणि डॉक्टरीणबाईंचं पत्र घेऊन मी मोठ्या बाईंकडे गेले. हजेरी तरीही कमीच होती. त्यांनी तिन्ही कागद दोनदा वाचले. मग तो जुना अर्ज खणातून काढून माझ्या हातात दिला.

"हा घेऊन जा. उगाच आमच्या कपाटात जागा अडवतोय. आणि वार्षिकला तिला बसू द्या. तिला म्हणतेय. आपण नको."

मी वाकून नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "पुरे, पुरे," आणि दुसऱ्या फाइलीकडे वळल्या.

वार्षिकच्या आधी मुलगी आणखी एकदा दवाखान्यात होती. चार दिवसांनी सोडलं, तेव्हा तिने बापाला घरी जाऊच दिलं नाही, सरळ शाळेत आणायला लावलं. मी तिसऱ्या बाकावर होते. फळ्यावर झाडाच्या पानाची आकृती होती, पान अन्न कसं तयार करतं ते. माझं निम्मं उतरवून झालं होतं. ती स्वेटर घालून दारात उभी राहिली, बाईंनी आत ये म्हटलं, आणि ती माझ्याशेजारी येऊन थांबली.

"आई, ऊठ ना. माझी जागा आहे."

उठायला हवं होतं. याचसाठी मी सगळं केलं होतं. पण पानाच्या शिरा राहिल्या होत्या, आणि आठवीनंतर इतकं नीट मला कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं.

"थांब," मी म्हणाले. "एवढं उतरवू दे."

वर्ग हसला. ती लाजली, मग बाकाच्या टोकाला कशीबशी टेकली. मी शिरा काढल्या, बाण काढले, बाणांची नावं लिहिली, आणि मगच उठले.