विहीणबाईंची लापशी

लेकीचं पहिलं बाळंतपण तिच्या आईनं करायचं, इतकी साधी गोष्ट. पण माझ्या लेकीनं नवरा नॉर्वेचा केला, आणि विहीणबाई ऑस्लोहून थेट अमेरिकेत, ॲन आर्बरला लेकीच्या घरी येऊन हजर. मी राहते ट्रॉयला, तिथून तासाभराच्या आतच. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा असा सगळा सरंजाम घेऊन पोचले, तर स्वयंपाकघर आधीच परक्या ताब्यात गेलेलं. विहीणबाई आंबट साय आणि पीठ एकत्र ढवळत होत्या.

"आई, ती बार्सेलग्रोत करतेय. तू फक्त रिलॅक्स कर ना," लेक म्हणाली. चाळीस वर्षं डॉक्टरकी केलेल्या बाईला म्हणे रिलॅक्स!

जावईबापू भाषा शिकवतात, त्यामुळे कुणी विचारायच्या आत त्यांनी तो शब्द सोलायला घेतला. ग्रोत म्हणजे लापशी. बार्सेल म्हणजे बाळंतपण, पण त्यात दोन जुने शब्द दडलेत: एक मूल आणि दुसरा चक्क बिअर. मूल झालं की लोक बिअर प्यायला जमायचे. त्या मेजवानीचं नाव पुढे बाळंतपणालाच चिकटलं. वा! नऊ महिने बाईनं काढायचे, कळा तिनं सोसायच्या, आणि नाव कुणाचं, तर पाहुण्यांच्या पेल्याचं. इतका प्रामाणिक शब्द मी दुसऱ्या कुठल्या भाषेत ऐकलेला नाही.

"मग लापशी कुणाला? पिऊन आडवे झालेल्यांना?" मी विचारलं.

"बाळंतिणीला," विहीणबाईच म्हणाल्या. "शेजारच्या बायका घरून करून न्यायच्या. तुमच्या वेळी कुणी आणलं होतं?"

मी हसत हसत सांगायला लागले. आईचा व्हिसा वेळेत झाला नाही. नर्सनं बर्फ घातलेलं पाणी दिलं. घरी आल्यावर नवऱ्यानं टोस्ट केला, तोही करपलेला. सहाव्या आठवड्यात मी ड्यूटीवर. पार्ट्यांमध्ये या गोष्टीला फार हशा मिळतो. विहीणबाई हसल्या नाहीत.

त्यांनी पहिला वाडगा भरला. लेकीला द्यायला मी हात पुढे केला, तर त्यांनी तो माझ्याच पुढ्यात ठेवला आणि वर साखर-दालचिनी भुरभुरली. "बसा," म्हणाल्या.

लापशी भलतीच आंबट होती. जावयासमोर रडायचं नाही असं ठरवलं होतं, तेही जमलं नाही. वाडगा रिकामा होईपर्यंत त्या माझ्याजवळ बसून राहिल्या. चौतीस वर्षं उशिरा का होईना, माझ्या बाळंतपणाला कुणीतरी आलं होतं.