नायनांच्या तोंडची मराठी

भुताखेतांच्या गोष्टी माझ्या बायकोला आवडतात, मला नाही. मी लॅब टेक्निशियन. रिपोर्टमध्ये येतं ते खरं, बाकी मनाचे खेळ, हे मी आजवर कितीतरी जणांना ऐकवलंय. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... पण घडलं ते घडलं.

आम्ही सोलापुरातले तेलुगू. माझे वडील, आम्ही त्यांना नायना म्हणतो, उभा जन्म मागावर चादरी विणत होते. मराठी त्यांना कामापुरती यायची, तीही अडखळत. गाडी चालवणं दूरच, सायकलसुद्धा हातात धरून चालायचे. गेल्या वर्षी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. "आँ" एवढाच आवाज उरला. भूक लागली तरी आँ, दुखलं तरी आँ.

त्यांना फिजिओथेरपीला न्यायचं, रिक्षात चढवणं जमेना, म्हणून एका एजंटकडून सेकंडहँड गाडी घेतली. थोड्याच दिवसांत स्टीअरिंग जड झालं. वळवताना घूंऽऽ असा आवाज, आणि घरासमोरच्या फरशीवर, पुढच्या चाकाजवळ, लालसर तेलाचा डाग.

अक्कलकोट रोडला इब्राहिमभाईंचं गॅरेज आहे. त्यांनी पॉवर स्टीअरिंगच्या ऑइलचा डबा उघडला तर ऑइल पार तळाला गेलेलं. नवीन भरलं, क्लिपा आवळल्या. पुन्हा डाग. मग त्यांनी सगळ्या नळ्या पुसून घेतल्या, इंजिन चालू ठेवलं आणि आम्ही दोघं बराच वेळ बघत बसलो... एक थेंब नाही.

"सब सुखा हय भाई," ते म्हणाले. "कां से गिरता, समजताच नै."

तिसऱ्यांदा मात्र मी घाबरलो. भर दुपारी नायनांना घेऊन परत येत होतो. चौकात वळताना स्टीअरिंग असं अडलं की शाळेच्या मुलांनी भरलेली रिक्षा थोडक्यात वाचली. गाडी कशीबशी गॅरेजला आणली. नायना पुढच्या सीटवरच होते, काच खाली केलेली. बॉनेट उघडं, इंजिन चालू, इब्राहिमभाई आत वाकलेले, मी शेजारी उभा. आणि गाडीतून आवाज आला —

"पार टेकस्तवर वळीव. मग दावंल. पट्टीला घासाय लागलीया नळी."

खणखणीत. इब्राहिमभाईंनी मान वर केली. "अब्बा बोले क्या तुमारे?"

मी धावत खिडकीशी गेलो. खरं सांगतो, नळी-बिळी काही डोक्यात नव्हतं. माझे वडील बोलले होते! "नायना, परत बोला... काहीतरी बोला की," मी तेलुगूत विनवत होतो. ते माझ्याकडे बघत राहिले. मग नेहमीसारखं — "आँ."

इब्राहिमभाईंनी मला स्टीअरिंगवर बसवलं आणि स्वतः टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले. मी स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून तसंच धरलं. "रुको, रुको! मिल्या!" आत एका लोखंडी पट्टीला घासून प्रेशरची नळी झिजली होती. एरवी कोरडी. पण स्टीअरिंग शेवटपर्यंत वळवलं की दाब वाढून तिथून बारीक फवारा उडत होता. दुसऱ्या दिवशी नळी बदलली, ऑइल भरलं, आतली हवा काढली. गाडी आजही ठीक आहे.

मी मात्र ठीक नव्हतो. ती भाषा नायनांची नव्हतीच. शेवटी एजंटकडून नंबर घेऊन गाडीच्या आधीच्या मालकांच्या घरी फोन केला. मंगळवेढ्याकडचं गाव. त्यांच्या पत्नीनं उचलला. म्हटलं, "गाडीच्या स्टीअरिंगचं काही काम राहिलं होतं का?"

"व्हय की. नळी बदलायची म्हणत हुते. तेवढ्यात काविळीनं गेले." मग त्यांनीच विचारलं, "तुमास्नी कुणी सांगितलं?"

मी घडलं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी येऊ का एकदा?"

चार दिवसांनी एसटीनं आल्या. नायनांच्या खाटेशेजारी बसल्या. "काय म्हणाले, सांगा की."

मी माझ्या मराठीत सांगितलं, की पूर्ण वळव म्हणाले, मग दिसेल, नळी घासतेय. त्यांनी मान हलवली. "तसं न्हाय. 'पार टेकस्तवर वळीव. मग दावंल.' आसंच का?"

शब्द तेच, आणि म्हणण्याची ढबही तीच. फोनवर मी नेमके शब्द सांगितलेच नव्हते.

"गाडीचं काय बी निघालं की मला आत बसवायचे आन सोता खाली झोपून वरडायचे," त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मग नायनांकडे वळल्या. "काय वो, वळखलं का मला?"

"आँ," नायना म्हणाले. अनोळखी पाहुण्याकडे बघावं तसे बघत होते. बाईंनी पदरानं त्यांच्या तोंडाची कड पुसली. "आसू द्या," म्हणाल्या. "एवढं तरी ऐकाय मिळालं." चहा घेऊन गेल्या.

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, अशा पेशंटच्या तोंडून कधीकधी अख्खं वाक्य निघतं, पण ते त्याच्या स्वतःच्या भाषेतलं.

त्या बाईंचा माणूस त्यांच्याशी बोलून गेला, याचं मला मनापासून बरं वाटतं. फक्त रोज सकाळी नायनांना चहा पाजताना मी थोडा वेळ कप बाजूला धरून थांबतो... माझे वडील अजून माझ्याशी काही बोललेले नाहीत.