जाड तार

आमच्या लालबागच्या चाळीत जिन्याखाली मजल्याचा जुना फ्यूजबोर्ड आहे आणि त्यावर शेवटच्या खोलीतल्या काकांचा पहारा. कुणी गिझर आणला की काका करंट मोजायचा मीटर घेऊन दारात हजर. "दोनशे तीस व्होल्ट, दहा अँपिअर. गुणलं की तेवीसशे वॅट, भागलं की तेवीस ओहम." हे पाढे म्हटल्यासारखं एका दमात. मग मान हलवून, "वायर आजोबांच्या वेळची रे. पेटेल एक दिवस."

फ्यूज उडाला की आमच्याकडे जाड तार पिळतात, म्हणजे तो पुन्हा उडत नाही. काका ती काढून बारीक लावायचे. "अरे, उडायलाच ठेवलाय तो!" यावरून त्यांनी अख्ख्या मजल्याशी भांडण घेतलं, माझ्याशीसुद्धा.

यंदा काकूंना घरीच ऑक्सिजनचं मशीन लागलं. परवा दुपारी फ्यूज उडाला. काकांनी बारीक तार लावली, पण सगळ्यांचे एसी चालूच, ती लगेच उडाली. वर मशीनचा अलार्म कोकलत होता. मी दारं ठोठावत फिरलो. जो तो म्हणे, "आमचाच का? आधी बाजूच्यांचा बंद करा."

खाली आलो तर काका जाड तार पिळत होते. दिवे आले, अलार्म थांबला.

तार बदलली की काका करंट मोजतात, म्हणून मी सवयीने त्यांचा मीटर पुढे केला.

"नको रे," ते म्हणाले. "आकडा बघितला तर काढावी लागेल."