जुन्या घरट्याचा कापूस

आमच्या प्रयोगशाळेत उंदीरघर सांभाळणाऱ्यांना सगळे मामा म्हणत, संचालकसुद्धा. सव्वीस वर्षं पांढऱ्या उंदरांचे पिंजरे धुऊन धुऊन त्यांच्या नाकानं काम करणं सोडलं होतं. "बरंच झालं," ते म्हणत. "घरी काय करपलंय ते कळत नाही."

मी तिथं आले ती नर आणि माद्यांच्या वागण्यातला फरक मोजायला. माद्या एका पिंजऱ्यात गुण्यागोविंदानं नांदतात, एकमेकींची पिल्लंही पाजतात. नर मात्र पिंजरा बदलला की एकमेकांवर तुटून पडतात, असं सगळ्या पुस्तकांत होतं. माझे नर तुटून पडेनात. तीन वर्षं दर सोमवारी मी घड्याळ लावून त्यांच्यासमोर बसले, आणि ते एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपले. आधी मी वैतागले. मग वाटलं, हा तर शोध आहे! मी हवेतच तरंगायला लागले. प्रबंध लिहून काढला आणि आभाराचं पान दाखवायला मामांकडे गेले.

मामांनी ते सावकाश वाचलं. मग स्टूल पुसून मला बसायला दिलं.

"ताई, एक सांगायचं राहिलं. नरांना नवा पिंजरा दिला की त्यांच्या जुन्या घरट्यातला थोडा कापूस मी त्यात टाकतो. मग भांडत नाहीत."

"कधीपासून?"

"तुम्ही यायच्या आधीपासून. आम्ही घर बदललं तेव्हा धाकटा रडून झोपेना. हिनं त्याची जुनी चादर अंथरली, तर पठ्ठ्या घोरायला लागला. म्हटलं, यांनाही आपलाच वास लागत असेल."

"मामा, सगळं नवं घालायचं असा नियम आहे!"

"आहे की. पण जखमांना मलम मला लावावं लागतं."

मी त्यांना नाही नाही ते बोलले. माझी तीन वर्षं पाण्यात गेली होती. ते गप्प राहिले असते तर मला कधीच कळलं नसतं, आणि सांगण्यात त्यांचीच नोकरी जाण्याचा धोका होता, हे माझ्या डोक्यात दुसऱ्या दिवशी शिरलं.

मग मी नव्यानं सुरुवात केली. निम्म्या नरांना जुना कापूस द्यायचा, निम्म्यांना नाही. कुणाला नाही, ते ठरवायला मामांनी साफ नकार दिला, म्हणून मी चिठ्ठ्या टाकल्या. कापूस न मिळालेले नर पाच मिनिटांत रक्तबंबाळ. मी आकडे लिहायचे, मामा मलम लावायचे. वर्षभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

नवा प्रबंध प्रयोगशाळेत गाजला. ही कल्पना मुळात कुणाची, हे मी त्यात प्रामाणिकपणे लिहिलं होतं. संचालकांनी तो वाचला आणि एकाच दिवशी दोन कागद काढले. एकानं जुना कापूस घालणं सक्तीचं झालं. दुसऱ्यानं मामांना, नियम मोडून तो घातल्याबद्दल, लेखी ताकीद मिळाली.

ताकीद मागे घ्या, असं सांगायला मी संचालकांकडे गेले नाही. प्रबंधावरची माझी तोंडी परीक्षा अजून व्हायची होती, आणि परीक्षकांत ते होते. मला त्याची आजही लाज वाटते.

ताकीद मिळाल्याची सही करायला मामांनी माझ्याकडेच पेन मागितलं. "कुठं करायची, ताई?" त्यांनी विचारलं. मी बोट ठेवून जागा दाखवली.